खिडकीकडची पुस्तकं

दार : आणि ते पिवळं? बाकीची सगळी स्टुलावर मांडलीत, ते तेवढं उशाखाली का?

खिडकी : ते तुमच्यासाठी नाही.

दार : घ्या! पडून पडून पाठ गादीला चिकटली माझी. छतावरचे डाग तोंडपाठ झाले. सासूबाईंची सगळी दुखणी दोनदा ऐकून झाली. म्हटलं, शेजारीण सारखी पुस्तकात डोकं घालून असते, एखादं मागून बघावं. तर इथेही आपपरभाव.

खिडकी : सहा आहेत. ते एक सोडून कुठलंही घ्या. मी नाही म्हटलं का?

दार : माझ्याकडे गाडी शिकायला येतात ना, त्यांना मी पहिल्याच दिवशी सांगते, या एका बटणाला हात लावायचा नाही. सगळे आधी तेच दाबतात.

खिडकी : तुम्ही गाडी शिकवता?

दार : मग काय! शेजारच्या सीटवर बसायचं, आपल्या पायाखाली आपला वेगळा ब्रेक. अर्धं शहर माझ्या उजव्या पायामुळे जिवंत आहे, पण त्याची कुणाला जाण नाही.

सिस्टर : खिडकी, हात इकडे करा, प्रेशर बघायचंय. आणि दार, तुम्ही उठून बसलात? गर्भपिशवीच्या तोंडाला टाका घातलाय ना तुम्हाला? पाय खाली टेकवायचा नाही, ताठ बसायचं नाही. रोज सांगायचं का?

दार : ताठ बसायचं नाही हे तर लग्नातच सांगितलं होतं, सिस्टर.

सिस्टर : बाळ आत टिकायला हवंय ना? मग आडव्या व्हा. बोलणं चालेल.

दार : बोलणं बंद केलंत तर टाका आपोआप उसवेल. पण काय हो सिस्टर, आम्हाला नावं आहेत की. तिची खाट खिडकीजवळ म्हणून ती खिडकी, माझी दाराजवळ म्हणून मी दार. डॉक्टर आले की त्यांना भिंत म्हणता का?

सिस्टर : नाव लक्षात राहीपर्यंत माणूस घरी जातं. खाटा तिथेच असतात. खिडकी, थोडं वर आहे हां. मीठ कमी, आणि डोळ्यांना आराम. हे वाचन जरा बाजूला ठेवा.

खिडकी : ते माझं काम आहे, सिस्टर.

सिस्टर : इथे तुमचं काम एकच आहे. पडून राहायचं.

दार : गेल्या. वाऱ्यासारख्या येतात आणि वाऱ्यासारख्या जातात. कसलं हो काम? वाचायचे पैसे मिळतात?

खिडकी : पुस्तकांच्या दुकानात असते मी. लोक येऊन विचारतात, काय वाचू? मी सांगते. दर महिन्याला दर्शनी टेबलावर पाच-सहा पुस्तकं मांडायची आणि प्रत्येकावर चिठ्ठी लावायची, हे का वाचावं त्याची. या खेपेला कृष्णवर्णीय लेखिकांच्या नव्या कादंबऱ्या आहेत. मालकीणबाई स्वतः आणून देऊन गेल्या. म्हणाल्या, नाहीतरी तू झोपूनच असणार.

दार : कृष्ण... काय म्हणालात?

खिडकी : काळ्या बायकांनी लिहिलेल्या.

दार : मग तसं म्हणा की. शब्द लांबवला म्हणून रंग फिका होतो का?

खिडकी : नाही होत. त्या स्वतःला काळ्याच म्हणवतात, ताठ मानेनं. आपल्या तोंडात तो शब्द शिवीसारखा बसलाय, म्हणून आपण लांबचा शोधतो.

दार : खरं आहे. माझी आजी मला काळे म्हणून हाक मारायची, आणि ते काही लाडानं नव्हतं. बरं, मला काय द्याल? मी शेवटचं पुस्तक वाचलं ते वाहतुकीच्या नियमांचं. शेवटी सगळे आपापल्या रांगेत जातात.

खिडकी : मग हे हिरवं घ्या. यात एक बाई म्हाताऱ्या बायकांना पोहायला शिकवते. त्या लहान होत्या तेव्हा त्यांना तलावात उतरू देत नसत, रंगामुळे. आता सत्तरीला टेकल्यावर पहिल्यांदा पाण्यात पाय घालतायत. काहीजणी भांडतात, एक सारखी खोटं बोलते, एकीला पोहायचंच नसतं, तिला फक्त घराबाहेर पडायचं असतं.

दार : हे बरं वाटतंय. आणि ते बारकं लाल?

खिडकी : दोन मैत्रिणी मिळून केस कापायचं दुकान काढतात आणि त्यांचं फाटतं. चुरचुरीत आहे. हे जाडं निळं म्हणजे रहस्यकथा. पत्रं वाटणारी एक बाई असते, मेलेल्या माणसाच्या नावानं टपाल येत राहतं आणि ती त्याच्या मागे लागते. ही दोन मोठ्या घराण्यांची आहेत, तीन पिढ्यांची. ती इतक्यात नको, माणसं लक्षात ठेवताना दमाल.

दार : आणि पिवळं?

खिडकी : तुम्ही काही पाठ सोडायच्या नाहीत.

दार : नुसतं काय आहे ते सांगा.

खिडकी : एक टॅक्सी चालवणारी बाई आहे.

दार : अहो! गाडीवाली बाई आहे आणि तेच मला नाही?

खिडकी : ती बाळंतपणासाठी दवाखान्यात जाते.

दार : मग?

खिडकी : मग काही नाही. तुम्हाला सातवा लागलाय, मलाही. हिरवं घ्या.

* * *

दार : संपलं! बाई, काय म्हाताऱ्या आहेत! ती खोटारडी मेली तेव्हा मी रडले. मी! मोठ्या दिराच्या वेळी मला कांदा शोधावा लागला होता.

खिडकी : पण ती मरत कुठे? ती गाव सोडून जाते.

दार : तेच गं. मला मेल्यासारखीच वाटली. ए, तुला अगं-तुगं केलं तर चालेल ना? दोघींची लघवीची भांडी शेजारी शेजारी असताना अहो-जाहो शोभत नाही.

खिडकी : चालेल. आता लाल घे.

दार : घेते. पण मला एक सांग. तुमच्या दुकानात बाकीची पुस्तकं कशी लावता?

खिडकी : रहस्यकथा एकीकडे, प्रेमकथा एकीकडे, इतिहास, प्रवास, असं.

दार : मग ही पत्रं वाटणारी बाई रहस्यात का नाही? आणि त्या केसवाल्या विनोदीत? रंग एक म्हणून सगळ्यांना एका टेबलावर कोंबायचं? आपल्या वॉर्डासारखंच झालं हे. आत काय बिघडलंय ते कुणी विचारत नाही, पोट पुढे आहे ना, मग झोपा एका रांगेत.

खिडकी : मी मालकीणबाईंना हेच म्हटलं होतं. त्या म्हणाल्या, वेगळं टेबल नाही मांडलं तर लोक ती उचलतच नाहीत. तेही खोटं नाही. गेल्या वर्षी कपाटात होती, तशीच परत गेली.

दार : म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर.

खिडकी : आणि आता त्यांचं आणखी एक आहे. टेबलावर फार रडकं नको. गिऱ्हाईकं म्हणतात, काळ्या बायकांची पुस्तकं म्हणजे दुःखच दुःख. म्हणून त्यांना पिवळं नकोय. आणि मला त्या सहांतलं तेच सगळ्यात चांगलं वाटतंय. त्यावरची चिठ्ठी चार वेळा लिहून खोडली.

दार : काय लिहिलं होतंस?

खिडकी : "मन घट्ट असेल तरच वाचा." कसली भिकार ओळ आहे! मन घट्ट असणारा माणूस कशाला वाचेल?

दार : तू वाचलंस ना? इथे, अशी पडून?

खिडकी : माझी गोष्ट वेगळी आहे. माझी याआधी दोन गेलीत.

दार : कितव्या महिन्यात?

खिडकी : तिसऱ्यात, दोन्ही. ही पहिलीच, जी लाथ मारते. दोन गेल्यावर माणूस घाबरत नाही, असं मला वाटलं होतं. उगाच बढाई. पिवळं वाचून दोन रात्री डोळा लागला नाही. म्हणून तुला देत नाही, दुसरं काही नाही.

दार : माझं हे पहिलंच. चाळिशीत. नवरा बोटीवर असतो, त्याला कळवलं तर म्हणाला, खरं सांगतेस की थट्टा करतेस? त्याचंही बरोबर. आयुष्यभर थट्टाच केली मी.

खिडकी : त्याला यायला मिळेल?

दार : बोट किनाऱ्याला लागली तर. नाहीतर सासूबाई आहेतच, आपली दुखणी ऐकवायला.

* * *

खिडकी : मी सोनोग्राफीला गेले होते तेव्हा इथे कोण आलं होतं?

दार : सफाईच्या मावशी.

खिडकी : माझी उशी कुणी हलवली?

दार : आलं बाई लक्षात. बस, आधी बस. मीच मावशींना म्हटलं, ते पिवळं जरा इकडे द्या. निम्मं झालंय.

खिडकी : मी तुला नको म्हटलं होतं.

दार : ओरड हवं तर.

खिडकी : ओरडायचं त्राण नाहीये. डोकं फुटतंय. सकाळपासून. पण हे बरोबर नाही केलंस तू, मी काही मालकी म्हणून नव्हते सांगत. दे ते इकडे. आणि वर म्हणतेस निम्मं झालंय! कुठवर आलीस?

दार : तिची आई तिला फोनवर सांगते तिथवर. "आवाज चढवू नकोस हं. आपल्यातली बाई जोरात बोलली की तिला भांडखोर म्हणतात आणि मग काहीच ऐकत नाहीत. हळू सांग, हसून सांग." आणि ती वेडी हळू सांगत राहते. डोकं दुखतंय, जरा बघता का? सवड झाली की बघता का? मला इतका संताप आला, वाटलं आत शिरावं पुस्तकात आणि हॉर्न दाबून धरावा.

खिडकी : बंद कर ते. मला... थांब जरा.

दार : काय झालं?

खिडकी : काही नाही. अक्षरं हलतायत. या कव्हरवरची.

दार : मोठी अक्षरं आहेत ती.

खिडकी : कडेला काहीतरी चमकतंय. जाईल. वाचून वाचून झालं असेल, सिस्टर म्हणतच होत्या.

दार : सिस्टरना सांगितलंस?

खिडकी : सकाळी सांगितलं. प्रेशर बघून गेल्या, थोडं वर आहे म्हणाल्या, संध्याकाळी डॉक्टर येतील तेव्हा बोलू. आत दोन बाळंतपणं चाललीयत, कशाला त्यांना सारखं...

दार : आणि छातीखाली हात का धरलायस?

खिडकी : जळजळतंय. खाल्लेलं असेल.

दार : सकाळपासून तू काही खाल्लेलं नाहीस. ताट मावशी तसंच घेऊन गेल्या. घंटी दाब.

खिडकी : दाबली मगाशी.

दार : पुन्हा दाब. दाबून धर.

खिडकी : त्या कामात आहेत. येतील. सवड झाली की...

दार : अगं, तू तेच बोलतेयस! ऐक ना, शब्द न् शब्द तेच!

खिडकी : ती वेगळी. तिच्याकडे कुणी का बघितलं नाही ते... दार, मला तू दोन दिसतेयस.

दार : सिस्टर! ओ सिस्टर!... कुणी नाही. बाहेर चिटपाखरू नाही.

खिडकी : काय करतेस? पाय... पाय खाली टाकू नकोस! तुझा टाका!

दार : माझ्या डोळ्यांसमोर गाडी भिंतीवर चाललीय आणि मी काय आडवी पडून बघू?

खिडकी : उतरू नकोस! तुला माझी... तुझं बाळ जाईल, दार! बस खाली!

दार : सिस्टर! डॉक्टर! आहे का कुणी जिवंत इथे? खाट खिडकीची, बाई डोळे फिरवतेय! कोण आहे तिकडे? तुम्ही, हो तुम्हीच, पांढऱ्या कोटवाले, तो चहा ठेवा खाली आणि इकडे या!

सिस्टर : कोण ओरडतंय एवढं? दार! तुम्ही कॉरिडॉरमध्ये काय करताय?

दार : माझं सोडा. आत जा. ती थरथरतेय बघा, ती... पळा हो!

* * *

सिस्टर : पाणी घ्या दोन घोट. कळा थांबल्या ना रात्रीपासून?

दार : थांबल्या.

सिस्टर : टाका टिकलाय. नशीब तुमचं. पुन्हा असं केलंत तर माझ्या हातात काही नाही.

दार : ती कुठे आहे?

सिस्टर : वर. अतिदक्षता विभागात. झटके आले होते. ताबडतोब सिझेरियन केलं.

दार : आणि?

सिस्टर : मुलगी आहे. काचेच्या पेटीत ठेवलीय. एवढीशी आहे, माझ्या हाताएवढी.

दार : जगेल?

सिस्टर : बाळांचे डॉक्टर बघतायत.

दार : म्हणजे तुम्हाला सांगायचं नाही.

सिस्टर : म्हणजे मला माहीत नाही.

दार : तिनं सकाळीच सांगितलं होतं तुम्हाला, डोकं दुखतंय म्हणून.

सिस्टर : सांगितलं होतं.

दार : आणि तुम्ही म्हणालात, वाचन कमी करा.

सिस्टर : म्हणाले. त्या वेळचं प्रेशर धावपळ करण्याइतकं नव्हतं. दुपारी पुन्हा बघायचं ठरवलं होतं. दुपारी आत दोघी टेबलावर होत्या, एकीचं रक्त थांबत नव्हतं, आणि वॉर्डात मी एकटी. माझ्या जोडीची रजेवर आहे, तिच्या जागी कुणी दिलेलं नाही. तुम्ही माझ्यावर ओरडलात तरी मी काही म्हणणार नाही. पण उतरायचं नव्हतं तुम्ही.

दार : घंटी वाजत होती.

सिस्टर : ऐकू आली होती मला. आतून. हात रक्तात होते. डॉक्टर म्हणाले, आणखी अर्धा तास गेला असता तर आई हाती लागली नसती. तुम्हाला हे सांगायला नको होतं मी, तुमचंही प्रेशर वाढायचं. झोपा आता. आणि हे पिवळं पुस्तक तुमच्या पायाखाली काय करतंय?

दार : राहू दे तिथेच.

* * *

(काही दिवसांनी, सकाळी. खिडकीजवळच्या खाटेवर नवी चादर घातली आहे.)

खिडकी : येऊ का?

दार : ये. ये ना. दारात काय उभी राहतेस पाहुण्यासारखी? अशी चाललीस कशी एवढं? पोटावर टाके ना?

खिडकी : चाकाच्या खुर्चीतून आणलं, ती बाहेर आहे. हे खाली कागदपत्रं करतायत. आज सोडतायत मला. म्हटलं, माझं सामान आहे इथे.

दार : मावशींनी पिशवीत भरून ठेवलंय. पुस्तकं वर आहेत. बस.

खिडकी : तुला कळलंच असेल.

दार : सिस्टर सांगून गेल्या.

खिडकी : दोन दिवस होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मला खाली नेलं. पेटीला दोन गोल भोकं असतात, त्यातून हात आत घालायचा. माझं बोट धरलं तिनं. म्हणजे धरलं की काय कोण जाणे, तिथल्या सिस्टर म्हणाल्या ते आपोआप होतं.

दार : धरलंच असणार.

खिडकी : तुला काय माहीत?

दार : नाही माहीत. बरोबर आहे तुझं.

खिडकी : मला तुझ्याकडे बघवत नाहीये.

दार : नको बघू. तुझी खिडकी आहे तिकडे, तिच्यातून बाहेर बघ. मी ही चादर वर ओढून घेते.

खिडकी : सगळे मला सांगतायत, तू ओरडलीस म्हणून मी वाचले. डॉक्टरांनी सांगितलं, ह्यांनी सांगितलं. माझ्या जाऊबाई तर म्हणाल्या, तिचे पाय धर. मी तुला अजून एका शब्दानं काही बोललेली नाही. तीन वेळा चिठ्ठी पाठवायचं ठरवलं. होत नाही. तोंडातून येतच नाही.

दार : मला नकोय ते.

खिडकी : तुला नको असलं तरी माणूस म्हणून यायला हवं ना? काल मनात आलं, हिनं एवढी धाव घेतलीच होती तर अजून थोडी आधी घ्यायची. सकाळीच. बघ, कुठवर गेलेय मी.

दार : माझ्याही आलं. रोज येतं. तू सकाळी ताट परत पाठवलंस तेव्हाच मी ओरडायला हवं होतं. मी पुस्तक वाचत पडले होते. तिची आई फोनवर काय सांगते ते वाचत होते, आणि शेजारी तू.

खिडकी : म्हणून तुला नको म्हटलं होतं ना!

दार : वाचलं नसतं तर मला कळलं नसतं.

खिडकी : असं म्हणू नकोस. सगळे असंच म्हणणार आता, पुस्तकानं जीव वाचवला. मालकीणबाईंना हे कळलं तर त्या टेबलावर पाटी लावतील. ते पुस्तक त्यासाठी नाही लिहिलेलं. ती टॅक्सीवाली माझ्यासाठी धडा म्हणून नव्हती बसलेली तिथे. तिच्याकडे बघितलं नाही ते तिच्या रंगामुळे. तिच्याआधी तिच्या आईकडे बघितलं नाही, आजीकडेही नाही. माझ्याकडे बघितलं नाही, कारण सिस्टर एकटी होती. हे सारखं नाही.

दार : जाणाऱ्याला सारखंच.

खिडकी : नाही. मी हळू बोलले ते माझ्या भिडेपोटी. मी ओरडले असते तर कुणी मला भांडखोर म्हटलं नसतं. तू ओरडलीस, तो डॉक्टर चहा ठेवून धावत आला. ती ओरडली असती तर पहारेकरी आले असते. ते लिहिलंय त्यात, पुढे. तिची बहीण ओरडते तेव्हा.

दार : मी तिथवर गेलेच नाही. त्या दिवसापासून उघडलं नाही.

खिडकी : नको उघडू. तुझं होऊ दे सुखरूप.

दार : ती जगते का? एवढं सांग. नाहीतर माझ्या डोक्यात ती तिथेच पडून राहते, फोन कानाला लावून.

खिडकी : ती नाही. मुलगा जगतो. मोठा होऊन तोच सगळं विचारायला लागतो, मावशीला, नर्सला, सगळ्यांना. ती गोष्टच त्याची आहे खरं तर.

दार : आपलं उलटं झालं.

खिडकी : आपलं म्हणू नकोस. तुझं अजून काहीच झालेलं नाही.

दार : चुकले.

खिडकी : रागावले नाही मी. कुणावर रागवावं तेच कळत नाही, म्हणून जो समोर येईल त्याच्यावर निघतं. ह्यांच्यावर काल पेला फेकला. बिचारे पुसत बसले.

दार : प्लॅस्टिकचा होता ना?

खिडकी : हो.

दार : मग ठीक आहे. सराव म्हणायचा.

खिडकी : हसवू नकोस. टाके दुखतात.

दार : तुझ्या त्या टेबलाचं काय झालं?

खिडकी : मालकीणबाई म्हणाल्या, राहू दे या महिन्यात, आपण प्रवासाची पुस्तकं मांडू. मी नाही म्हटलं. ह्यांना वाटलं, मला काम नको सुचायला. पण दुसरं काय सुचणार? पाच चिठ्ठ्या काल झोपल्या झोपल्या सांगितल्या, ह्यांनी लिहून घेतल्या. पिवळ्याची राहिलीय. टेबलावर ते ठेवायचंच, एवढं कबूल करून घेतलंय. पण काय लिहू? मन घट्ट वगैरे आता लिहवत नाही.

दार : मला विचारतेस? वाहतुकीच्या नियमवालीला?

खिडकी : निम्मं वाचलंयस ना.

दार : मग लिही की, एकटं असताना वाचू नका. शेजारी कुणीतरी असू द्या.

खिडकी : लोक हसतील.

दार : हसू देत. उचलतील तरी.

खिडकी : हे आलेले दिसतायत. खुर्चीचा आवाज. मी निघते. ही पिशवी जड आहे, लाल इथेच ठेवते तुला. आणि निळं. पत्रवाली. बाळंतपणापर्यंत पुरेल.

दार : थांब. तुझा गाऊन ओला झालाय पुढून. पाणी सांडलं का?

खिडकी : कुठे? ...अगं आई.

दार : काय झालं?

खिडकी : दूध आहे. परवापासून येतंय. कापड घातलं होतं आत. डॉक्टरांनी गोळी दिलीय, म्हणाले, थांबेल हळूहळू.

दार : अगं...

खिडकी : मला कुणी सांगितलंच नव्हतं, की तरीही येतं.

दार : इतकी पुस्तकं वाचलीस. कुठेच नव्हतं?

खिडकी : असेल. नक्की असणार, त्या बायकांनी काही सोडलेलं नाही. मीच पान उलटून पुढे गेले असेन.

दार : बाहेर त्यांना सांगते, जरा थांबा म्हणून. अहो, ऐकलंत का? ती येतेय, दोन मिनिटं तिकडेच बसा! ...ये इकडे. माझ्या खाटेवर. सरकते मी.

खिडकी : तू हलू नकोस. तुझा टाका...

दार : सरकायला परवानगी आहे. डाव्या कुशीवर. ये.

खिडकी : पडदा ओढू का?

दार : आधी आत ये. मग ओढ.